पौषातले गोचीड

जनावरांच्या दवाखान्यात नोकरी केली की किस्से आपोआप गोळा होतात. अडचण एवढीच की माझ्या बहुतेक किश्श्यांत फजिती माझीच असते. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगून टाकते.

नव्वद सालच्या सुमारास पदवी घेऊन मी दोंडाईच्याजवळच्या एका गावात डॉक्टर म्हणून रुजू झाले. पहिल्याच दिवशी एक म्हैस जोरात फुरफुरली आणि मी थेट टेबलावर! ड्रेसर सुपडूभाऊ तिचं दावं धरून शांतपणे म्हणाले, "मॅडम, उतरा. टेबल पेशंटसाठी आहे."

*

घाबरट माणसाला कागदाचा आधार लागतो. माझ्या खुर्चीमागे एक तक्ता होता, कोणत्या महिन्यात कोणता रोग येतो त्याचा. गोचीड ताप: पावसाळा. तक्त्याकडे बघितल्याशिवाय मी सिरिंजसुद्धा उकळायला ठेवत नसे. सुपडूभाऊ त्याला 'मॅडमचं पंचांग' म्हणत. कुणी बैल आणला की हळूच विचारत, "मुहूर्त पाहिला का?"

*

पौषात गावातले एक शेतकरी, आबा, आले. गावातली पहिली संकरित गाय त्यांची, तीही माझ्याच सल्ल्यानं घेतलेली. तिच्या अंगावरचे गोचीड यंदा कमीच होत नाहीत, फवारायला औषध द्या, म्हणाले. मी तक्ता दाखवला. थंडीत गोचीड आपोआप गळतात, औषध पावसाळ्यासाठी ठेवलंय, असं समजावलं. अगदी कॉलेजातल्या सरांच्या थाटात.

आबांनी धोतराच्या सोग्यानं कपाळावरचा घाम पुसला. "थंडी कोठे शे, ताई?"

मी तोंड उघडणार, तोच सुपडूभाऊंनी उठून माझ्या डोक्यावरचा पंखा बंद केला.

*

दहा-बारा दिवसांनी गाय तापली. मी पुन्हा तक्ता पाहिला आणि साधं तापाचं इंजेक्शन दिलं. तिसऱ्या दिवशी तिची लघवी लाल झाली. गोचीड तापाचं हे लक्षण परीक्षेत मी अधोरेखित करून लिहिलं होतं! धावतपळत खरं औषध टोचलं, रक्ताची काच तपासायला धुळ्याला पाठवली. रिपोर्ट गोचीड तापाचाच आला. तोवर गाय गेली होती.

आबांच्या घरी गेले. गोठ्यात तिची कालवड एकटीच हंबरत होती. आबांनी मला खाटेवर बसवलं. मग चहा आला.

कोरा.

*

पुढच्या हिवाळ्यात मी गोचिडाचं औषध भरपूर मागवलं. त्यावरून जिल्ह्याचे साहेब तपासणीलाच आले. "पौषात गोचीड? कॉलेजात हेच शिकवलं का तुम्हाला?"

थंडी पूर्वीसारखी पडत नाही, किडे मरत नाहीत, हे सांगायचं होतं. आबांच्या गाईचंही सांगायचं होतं. मी आपली खाली फरशीकडे बघत राहिले.

आबा तीच कालवड घेऊन दारात थांबले होते. तिला खांबाला बांधून ते आत आले, बंडीच्या खिशातून काड्यापेटी काढली आणि साहेबांच्या उघड्या रजिस्टरवर उपडी केली. गोचीड चारी दिशांना चालू लागले. साहेबांनी खुर्ची मागे ओढली.

"साहेब," आबा गोचिडांकडे बोट दाखवत म्हणाले, "हिवाळा शे, हाई यास्ले तुम्हीच सांगा."

सुपडूभाऊ उठून साहेबांच्या डोक्यावर फिरणाऱ्या पंख्याच्या बटणाकडे निघाले.

"फिरू द्या, सुपडूभाऊ," मी म्हटलं.