मोटारीच्या चाकाला बंडीचं वंगण

मैत्रिणींनो, आज माझी चिडचिड ऐकून घ्याच.

नागपूरहून मद्रासला सासरी निघालेली माझी लेक आज बल्लारशा स्टेशनावरून जाणार होती. गाडी थांबेल तेवढ्यात तिला भेटायला मी आलापल्लीहून आमच्या छोट्या मोटारीने निघाले.

सागवनात पुढचं चाक डुगडुगू लागलं. उतरून पाहिलं, तर एक नट गायब, एक बोल्ट मुळातूनच तुटलेला आणि उरलेले नट सैल, तेलाने माखलेले.

"किसनभाऊ, हे तेल कोणी लावलं?" मी ड्रायव्हरला विचारलं.

"म्याच, बाई. बंडीच्या आसाले वंगण नाई दिलं तं बैलं हैरान होते."

"आणि चाक बसवताना पान्याने आवळलं नाही?"

"नट हातानंच सुरसुर गेले. मंग पाना काऊन पाह्यजे?"

मी कपाळावर हात मारला. मागच्या चाकाचा एक नट काढून पुढे लावला, बाकीचे पुसून आवळले आणि हळूहळू स्टेशन गाठलं. गाडी नुकतीच हलली होती.

तरी किसनभाऊ लेकीसाठी केलेल्या अनारशांचा डबा घेऊन फलाटाच्या टोकापर्यंत गाडीमागे धावले. धापा टाकत परतले, डबा हातातच.

मला त्यांच्यावर खूप ओरडायचं होतं. आता तुम्हीच सांगा, हा राग मी कोणावर काढू?