कॅमेऱ्याशेजारचे एंट्रीसर

कॉलेजात त्यांना सगळे एंट्रीसर म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. पहिल्या वर्षाच्या मुलांना ते 'नाट्य आणि चित्रपट : परिचय' हा विषय शिकवत. दरवर्षी पहिल्याच तासाला ते वर्गाबाहेर जाऊन पुन्हा आत येऊन दाखवत. एकदा राजा म्हणून, एकदा चोर म्हणून आणि एकदा बायकोशी भांडून आलेला कारकून म्हणून. शेजारच्या अर्थशास्त्राच्या वर्गातली मुलंसुद्धा खिडकीतून बघायला जमत. अर्थशास्त्राच्या बाई त्यावरून प्राचार्यांकडे तक्रार करत, आणि ती तक्रार सरांना एखाद्या बक्षिसासारखी वाटे.

सरांच्या नटपणाची खरी कमाई मात्र बेताचीच होती. तरुणपणी एका फिरत्या कंपनीच्या नाटकात त्यांनी निरोप्याचं काम केलं होतं. वाक्यं दोन, त्यातलं एक दुसऱ्याच प्रयोगापासून कापलं गेलं. का कापलं, हे त्यांना कोणी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली, पोट सुटलं. पण आपण मुळात नट आहोत, पोटापाण्यासाठी मास्तर झालो, ही समजूत त्यांनी जपून ठेवली. घरातला कलावंत कोण, याबद्दल घरात कधी वादच नव्हता.

बायको चष्म्याच्या दुकानात होती. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, नाकावर फ्रेम ठेवायची, कानामागची दांडी वाकवून नीट करायची आणि तो आरशात बघत असताना गप्प उभं राहायचं. गिऱ्हाईक स्वतःच्या चेहऱ्याशी भांडत असतं तेव्हा आपण मध्ये बोलायचं नाही, हे ती तिथे शिकली होती. दुपारी दुकान तीनेक तास बंद असे. कॉलेजने रिकाम्या जागा भरायला हा विषय बाहेरच्यांनाही खुला केला आणि कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना फी माफ केली, तेव्हा ती सहज म्हणाली की इतकी वर्षं भाजी निवडताना ऐकतेय, एकदा वर्गात बसून बघते तरी. सरांना आनंद झाला. घरातला एक प्रेक्षक रीतसर पदरात पडत होता.

पहिलं सत्र नाटकाचं. ते छान गेलं. बायको मागच्या बाकावर बसे, सर राजा होऊन आत आले की हसे आणि घरी जाताना शंका विचारे. सर रस्त्याने उत्तरं देत चालत. आवाज असा की समोरून येणारी माणसं बाजूला होत.

दुसरं सत्र चित्रपटाचं. तेही पूर्वी सरच उरकत. फळ्यावर चौकोन काढून 'हा दूरचा शॉट, हा जवळचा' असं सांगत. त्या वर्षी प्राचार्यांनी त्यासाठी नवा माणूस आणला. हे नवे सर वयाने तिशीच्या आतबाहेरचे. हळू बोलणारे. त्यांनी तीन-चार छोट्या फिल्म केल्या होत्या, आणि फळ्याला तर ते हातही लावत नसत. मुलं त्यांच्यामागे कॅन्टीनपर्यंत जात. एंट्रीसर स्टाफरूममध्ये सांगत की आजकाल यंत्र हातात आलं की माणूस कलावंत होतो. पण मुलं गेली होती ती गेलीच होती.

सत्राच्या शेवटी वर्गाने मिळून एक छोटी फिल्म करायची, असं नव्या सरांनी जाहीर केलं. संमेलनात ती सगळ्या कॉलेजसमोर दाखवायची. गोष्ट एवढीच, की एक माणूस टेबलाशी बसून कुणाची तरी वाट बघतो आणि कुणी येत नाही. पात्र एकच. त्याच दिवशी जिन्यात नवे सर एंट्रीसरांना म्हणाले, "सर, शूटिंगला तुम्ही हवेत. तुमच्याशिवाय व्हायचं नाही."

झालं. एंट्रीसरांनी त्याच संध्याकाळी केस कापून घेतले. कपाटातला कोट काढून उन्हात टाकला. जेवताना मुलीला विचारलं की डावीकडून आपण जरा बरे दिसतो ना. मुलगी म्हणाली की दोन्हीकडून सारखेच दिसता. बायको म्हणाली की तुम्हीच करा हो, तुमच्याइतकं कोणाला जमणार. हे तिने अगदी मनापासून म्हटलं होतं, आणि पुढे सरांना छळलं ते याच वाक्याने.

भूमिका कोण करणार हे ठरवायला नव्या सरांनी वर्गात एक प्रयोग केला. ज्याची इच्छा असेल त्याने कॅमेऱ्यासमोर खुर्चीत बसायचं आणि काहीही करायचं नाही. चेहरा तेव्हाच समोरच्या भिंतीवर मोठा दिसे. 'काहीही नाही' हे तरुण मुलांना कुठलं जमायला? कोणी ओठ चावले, कोणी केस सारखे केले, एकीने तर डोळ्यांत पाणी आणून दाखवलं. एंट्रीसर दारात उभे होते. आपल्याला आग्रहाने बोलावलं की मग आत जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. प्रवेश कधी करावा हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

तेवढ्यात मुलींनी बायकोला ढकललं. काकू, तुम्हीपण बसा ना. ती लाजत जाऊन बसली आणि दुकानात उभी राहते तशी समोर बघत राहिली. भिंतीवर तिचा चेहरा आला आणि वर्गातली कुजबुज थांबली. ती दमलेली होती, कुणाची तरी आठवण काढत होती, की नुसतीच बसली होती, सांगता येत नव्हतं, आणि ते सांगता येत नाही म्हणून सगळे बघत राहिले. नवे सर कॅमेऱ्यामागून पुढे आले. मग हलकेच म्हणाले की शोध संपला.

एंट्रीसर दारातून मागे फिरले. त्यांना मत्सर वाटला. कुठलाही मुलामा न लावता सांगायचं तर भयंकर मत्सर वाटला, आणि तोही स्वतःच्या बायकोचा. नव्या सरांचा वाटला असता तर तो चारचौघांत सांगता तरी आला असता. जिला नाटकाच्या पडद्याची दोरी कुठल्या हाताने ओढतात हे ठाऊक नाही, ती नुसती बसते काय आणि सगळा वर्ग गप्प होतो काय! आपण चोर झालो, राजा झालो, घामाघूम झालो, तेव्हा लोक हसले. गप्प कधी झाले नाहीत.

घरी मेहुण्याचा फोन आला. आमच्या ताईला लहानपणापासूनच अंग आहे म्हणाला. कशाचं अंग, ते काही त्याने सांगितलं नाही. सासूबाईंनी फोन हिसकावून घेऊन जावयाचं अभिनंदन केलं. सर हो-हो म्हणत राहिले आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड होत राहिला. बायको मात्र घाबरली होती. मला काही येत नाही, तुम्ही शिकवा, म्हणाली.

आणि सरांनी शिकवलं. दिवाणासमोर तिला बसवून त्यांनी तिला वाट बघणं शिकवलं. भुवया वर घे. श्वास मोठा घे, छाती हलली पाहिजे. दाराकडे झटक्याने बघ, मग मान खाली टाक, मग हात कपाळाला. शेवटच्या रांगेतल्या माणसाला कळलं पाहिजे! रंगमंचावर यातलं एक अक्षरही चुकीचं नव्हतं. पण कॅमेरा माणसाच्या नाकाशी येऊन बसतो, तिथे भुवई एवढीशी हलली तरी फार होते, हे सरांना पक्कं माहीत होतं. कित्येक वर्षं त्यांनी तेच मुलांना उतरवून दिलं होतं. तरी त्यांनी तिला भुवया उडवायला लावल्या, आणि ती प्रामाणिकपणे उडवत राहिली. मधूनच विचारी, "अहो, बरोबर करतेय ना मी?" सर म्हणत, अजून थोडं मोठं कर.

शूटिंग वाचनालयाच्या खोलीत होतं. टेबल, दोन कप, खिडकी. सर कोट घालूनच गेले. का, ते त्यांनाच माहीत. पहिल्या टेकला बायकोने शिकवलेलं सगळं केलं. भुवया, श्वास, झटका, कपाळाला हात. दिवे धरून उभ्या असलेल्या मुली तोंड दाबून हसल्या. नव्या सरांनी कॅमेरा थांबवला आणि काकू, हे तुम्हाला कुणी सांगितलं, असं विचारलं.

सर कोटाची बटणं लावू लागले. बायकोने एकदा त्यांच्याकडे बघितलं. "कुणी नाही," ती म्हणाली. "माझ्याच मनाने केलं. म्हटलं, कमी पडायला नको."

दुसऱ्या कोणाला अशा वेळी हायसं वाटलं असतं. सरांना तिचा हा मोठेपणाही सोसवला नाही. तिने सांभाळून घ्यावं आणि आपण सांभाळून घेतले जावं, ही आणखी एक भूमिका तिने पटकावली असं त्यांना वाटलं.

मग नवे सर त्यांच्याकडे वळले. म्हणूनच तुम्हाला बोलावलं होतं सर, असं म्हणून त्यांनी एंट्रीसरांना हाताला धरून कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी उभं केलं. बसलेल्या माणसाची नजर ठरायला समोर कुणीतरी लागतं. भिंतीकडे बघितलं की डोळे मेल्यासारखे दिसतात, ओळखीचं माणूस असलं की बरं. काकूंनी फक्त यांच्याकडे बघायचं, बाकी काही करायचं नाही. आणि सर, तुम्ही नुसतं उभं राहा.

म्हणजे तुमच्याशिवाय व्हायचं नाही, ते यासाठी. खुंटी म्हणून. सरांचे कान तापले. पण सगळा वर्ग बघत होता, तेव्हा नाही म्हणता येईना.

नुसतं उभं राहणं मात्र त्यांच्याने झालं नाही. कॅमेरा सुरू झाला आणि त्या शेजारच्या काळ्या भिंगाने त्यांना ओढूनच घेतलं. त्यांनी मान किंचित तिरकी केली, डावी बाजू भिंगाकडे दिली, डोळ्यांत हुरहुर आणली आणि वाट बघायला सुरुवात केली. कॅमेऱ्याचं तोंड भलतीकडे होतं, हे त्यांना दिसत होतं. तरीही ते करत राहिले. निदान नव्या सरांना तरी कळावं की ही भूमिका कशी करायला हवी होती. तीन टेक झाले, तिन्ही वेळा त्यांनी जीव ओतला. टेक संपल्यावर नवे सर फक्त बायकोशी बोलले.

संमेलनाला हॉल भरला होता. मेहुणा सहकुटुंब पहिल्या रांगेत बसला. सर मुद्दाम सगळ्यात मागे गेले. अंधार झाला, पडदा उजळला आणि त्यावर टेबल, दोन कप आणि मग बायकोचा चेहरा आला. ती बघत होती. कुणाकडे तरी अशी बघत होती, की तो माणूस येईल असं हॉलमधल्या प्रत्येकाला वाटत राहिलं. तिच्या डोळ्यांत रुसवा होता, थोडी गंमत होती, आणि हे नेहमीचंच आहे असा एक समजूतदारपणा होता. भुवई जागची हलली नव्हती. खिडकीतला उजेड कमी झाला, कप तसेच राहिले, फिल्म संपली. शेवटच्या रांगेतही सगळं कळलं होतं. शेजारी बसलेल्या, कॉलेजच्या ऑफिसातल्या बाई पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "सर, काय शिकवलंत हो तुम्ही त्यांना!"

सर म्हणाले, थोडंफार.

टाळ्या, फोटो, सासूबाईंचे आशीर्वाद हे सगळं आटोपून दोघं घरी चालत निघाले. मुलगी मामाबरोबर पुढे गेली होती. बायको हातातला गुच्छ कधी या हातात, कधी त्या हातात धरत होती. सरांना आता नवीनच शंका छळत होती. असली नजर काही खुंटीकडे बघून येत नाही. कॅमेऱ्यामागे नवे सर होते. तिशीचे, हळू बोलणारे. जळफळाटात माणूस कुठे पोचेल याचा नेम नाही. एंट्रीसर चार गल्ल्यांत तिथवर पोचले होते.

शेवटी त्यांनी विचारलंच. आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, "तेव्हा तुझ्या मनात कोण होतं गं?"

"कधी?"

"कॅमेरा सुरू होता तेव्हा. कुणाची वाट बघत होतीस?"

बायकोला त्या प्रश्नात वावगं काही दिसलं नाही. ती म्हणाली, "तुमचीच की. तुमच्याकडेच बघायला सांगितलं होतं ना? मी बघत होते, आणि तुम्ही सारखे त्या कॅमेऱ्याकडे. म्हटलं, आता बघतील, मग बघतील. तिन्ही वेळा तसंच. नंतर मला हसूच यायला लागलं होतं, पण हसायचं नव्हतं."

सर थांबले. ती आणखी दोन पावलं पुढे जाऊन थांबली. एका बंद दुकानाच्या पायरीशी, पाटीच्या दिव्याखाली सरांनी तिच्याकडे बघितलं. मघाशी हॉलभर लोकांनी बघितलेला चेहरा तोच होता, आणि तो घरात इतकी वर्षं रोज समोर होता. यंत्राला तो एका दुपारीत दिसला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कॅमेऱ्यासमोर बसलेल्या माणसाचा नाही, तर कॅमेऱ्याचा मत्सर वाटला. ते बघत राहिले. काही करून दाखवायचं त्यांना सुचलं नाही.

"आता इथे रस्त्यात काय बघताय?" ती म्हणाली. गुच्छ त्यांच्या हातात देऊन तिने त्यांना दंडाला धरून पुढे ओढलं. "समोर बघून चाला. लोक बघताहेत."