व्हीटीच्या खालचं नाव

"पोरीचं नाव काऊन टाकता भाऊ? लगन झालं का आडनाव बदलते, मंग रंग माराले पुन्हा मलेच बोलवसान."

ट्रकांवर नावं रंगवणारा पेंटर विमानाच्या पलीकडच्या अंगाला उभा राहून बाबांना सांगत होता. मी अलीकडे, पंखाखाली बसून अक्षरांच्या कडेची चिकटपट्टी सोडवत होते. क्षणापूर्वीच बाबांनी 'दोघांचंबी टाक' म्हटलेलं मी ऐकलं होतं. आता ते हसले. "हे बी खरं हाय. पोराचंच टाक."

मी चिकटपट्टी सोडवत राहिले.

विमान दोन माणसांचं, लाकडाचं आणि कापडाचं. चंद्रपूरबाहेर मूलच्या रस्त्यावर, बंद पडलेल्या धानाच्या गिरणीत बाबांनी ते बांधलं. बाबा कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर. हात तयार, पण विमान बांधायच्या मागवलेल्या नकाशांसोबत आलेली पुस्तकं सगळी इंग्रजीत. मी कॉन्व्हेंटमधली, म्हणून दहावीत असल्यापासून मी वाचायचे, मराठीत सांगायचे आणि बाबा लाकूड कापायचे. पुढे वाचणं कमी झालं, हाताचं काम वाढलं. पंखांवरचं कापड मी ताणलं. आतल्या लाकडी फासळ्यांना ते मेण लावलेल्या दोऱ्याने शिवलं, तेही मीच. दिल्लीच्या विमान खात्याला पत्रं मी लिहिली. नोंदणी होऊन, भारतातल्या सगळ्या विमानांसारखी व्हीटीने सुरू होणारी अक्षरं आली, तेव्हा बाबांनी मला पेढा भरवला. नागपूरला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या दादाने विमानाला हात लावला होता तो फोटो काढण्यापुरता.

मालक म्हणून नोंद बाबांची होती. विमान त्यांचंच होतं. माझं नाव कुठे असावं असं मी कधी म्हटलं नव्हतं. 'दोघांचंबी' ऐकेपर्यंत ते हवंय हे मलाही ठाऊक नव्हतं.

ती व्हीटीची अक्षरं अंगावर रंगवून तपासणी अधिकाऱ्याला दाखवल्याशिवाय विमानाला जमीन सोडता येत नाही. त्यांची उंची, जाडी, मधलं अंतर, सगळं ठरलेलं असतं. मी पेन्सिलीने आखून दिलं होतं. पण पेंटरचा हात ट्रकांचा. त्याने अक्षरांना लाल सावली दिली, दोन्ही टोकांना फुलांची वेल काढली आणि खाली, ट्रकवाले लेकाचं नाव लिहून घेतात तसं, दादाचं नाव टाकलं.

"बाबा, सावली नाही चालणार," मी हळूच म्हणाले.

"काऊन नाई? लग्नघरावानी दिसून राह्यलं!"

नावाबद्दल बोलले नाही. घरी येऊन नियम मात्र पुन्हा वाचले, नावाविरुद्ध एखादी ओळ सापडते का म्हणून. सापडली नाही.

अधिकारी आले. दाक्षिणात्य, मितभाषी; मराठी समजायचं, बोलायचे इंग्रजीत. दादा नवा शर्ट घालून उभा. साहेबांनी अक्षरांवरून बोट फिरवलं आणि इंग्रजीत सांगितलं की सावली, वेल काढून टाका. अक्षरं एका रंगात, दुरून वाचता यायला हवीत. मग खालच्या नावाकडे बघून म्हणाले, हे राहू द्या, हरकत नाही. मी मराठीत न सांगताच बाबांना कळलं. त्यांचा चेहरा खुलला.

साहेब पंखाकडे वळले. कापड दाबून पाहिलं, वाकून टाके पाहिले. काम त्यांना आवडलेलं दिसत होतं. कोणी केलं, त्यांनी विचारलं.

"माय सन, सर," बाबा म्हणाले. इतकं इंग्रजी त्यांना येत होतं.

मी पंखाच्या टोकाशी उभी होते. दादाने माझ्याकडे पाहिलं नाही, आणि नाहीही म्हटलं नाही.

साहेबांनी त्यालाच पुढे विचारलं. इंजिनाच्या पंख्याच्या झोतात येणाऱ्या भागात टाके किती जवळ घेतलेत, आणि का? दादा हसला. कापडाकडे पाहू लागला. मग माझ्याकडे. साहेब थांबून होते. त्यांची सही झाली नसती तर विमान गिरणीतच राहिलं असतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

बाबा माझ्याजवळ सरकले. "हळूच सांग ना त्याले. काऊन गप हायेस?"

उत्तर माझ्या बोटांत होतं. सुई टोचलेल्या जागा अजून काळ्या होत्या. कुजबुजायला एक पाऊल पुढे टाकलं असतं तरी पुरलं असतं. इतकी वर्षं तेच तर करत आले होते.

मी जागची हलले नाही. साहेबांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "बाबा, ज्याचं नाव लिहिलंय, त्यालाच सांगू द्या."