टर्की फोर्कची थाप

बैठकीवर नीट टेकावं म्हणून व्हर्लिन स्टिडहॅमने बूट पट्ट्यांतून सोडवले, पाय जरा वर घेतले, आणि तेवढ्यात पायाखालची चौकट सुटली. पॉप्लरच्या झाडाच्या सालीवरून खडखडत ती थेट बुंध्याशी जाऊन आदळली. व्हर्लिन मात्र वरच राहिला, दुमजली घराइतक्या उंचीवर, पाय लोंबकळत.

हे चढतं मचाण दोन तुकड्यांचं असतं. एकावर बसायचं, दुसऱ्यावर उभं राहायचं. बसून खालचा तुकडा पायांनी वर ओढायचा, उभं राहून वरचा सरकवायचा, असं सुरवंटासारखं झाड चढायचं आणि तसंच उतरायचं. दोन्ही तुकडे एकमेकांना दोरीने बांधलेले हवेत, म्हणजे खालचा निसटला तरी वर ओढून घेता येतो. केंटकीच्या त्या डोंगरांत हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण बंदूक लटकवून वर न्यायची दोरी व्हर्लिन घरी विसरला होता. उजाडायची घाई होती, म्हणून त्याने मचाणाचीच दोरी सोडली आणि त्याच दोरीने बंदूक कमरेला बांधली. चाळीस वर्षं शिकार केलेल्या माणसाने त्या पहाटे अक्कल गहाण ठेवली, दुसरं काय म्हणायचं?

बाकी सगळं त्याने शहाण्यासारखं केलं होतं. जुनं लोखंडी मचाण खांद्याला पेलेना म्हणून उन्हाळ्यात तो मेव्हण्याला, डॉइलला, घेऊन दुकानात गेला. तिथल्या खांबावर प्रत्येक मचाण लावून, बसून, हलवून बघितलं आणि ॲल्युमिनियमचं सगळ्यांत हलकं घेतलं.

"घे बाबा हलकंच," डॉइल म्हणाला होता, "नाहीतर हरणाच्या आधी तुलाच उचलून आणावं लागेल."

झाडही पारखलेलं होतं. सरळसोट, खाली फांदी नाही, साल घट्ट. वर खोड बारीक होत गेलं की चौकटी पुढे झुकतात, म्हणून त्या खाली लावतानाच पुढून जरा उचलून लावल्या होत्या. आता त्या सरळसोट खोडावर पाय ठेवायला एक खुंटसुद्धा नव्हता.

आणि घरी त्याची बायको, ओलेटा होती.

वसंतात तिची उजवी बाजू गेली. तेव्हापासून व्हर्लिनने तिला एकटं सोडलं नव्हतं. मोसमाच्या पहिल्या दिवशी तिनेच डाव्या हाताने त्याला दाराकडे ढकललं. "जा. हरीण," एवढंच म्हणाली. शब्द तिला मोजकेच फुटत. त्याने तिला चुलीजवळच्या खुर्चीत बसवलं, पांघरूण गुंडाळलं आणि बजावलं, "दुपारच्या आत येतो. तोवर उठायचं नाही हं, ओली. काही झालं तरी उठायचं नाही."

पण ओलेटा हट्टी होती. उशीर झाला की ती उठणार आणि उठली की पडणार, हे व्हर्लिनला पक्कं ठाऊक होतं.

त्या घळीत फोनला रेंज नव्हती. त्याने मदतीचे तीन बार काढले. पहिल्या दिवशी सगळ्या डोंगरांतून बार निघत असतात, त्यात याचे तीन कोण ऐकणार? मग तो ओरडला. घसा बसेपर्यंत ओरडला. ऊन खोडाच्या दुसऱ्या बाजूला गेलं तसं त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

दुपार झाली आणि हॉर्न ऐकू आला. लांब, थांबून थांबून. डॉइलच्या ट्रकचा! डॉइल घरी डोकावला असणार, ओलेटाने त्याला पिटाळलं असणार. व्हर्लिनच्या जिवात जीव आला. पण मग हॉर्न कुठून येतोय हे त्याच्या लक्षात आलं. आवाज कड्यापलीकडून येत होता. टर्की फोर्कच्या घळीतून.

इथली माणसं स्वतःच्या मूळव्याधीची हकिगत चर्चच्या पायऱ्यांवर सांगतील, पण हरणाची जागा सख्ख्या भावाला सांगणार नाहीत. विचारलंच कुणी, तर खोटी सांगायची. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आदल्या संध्याकाळी डॉइलने विचारलं होतं, "यंदा कुठे?"

"टर्की फोर्कला," व्हर्लिन डोळ्याची पापणी न हलवता म्हणाला होता. आणि बसला होता स्पेन्सर ब्रांचच्या घळीत.

"डॉइल! अरे इकडे! इकडे ये रे!" तो जिवाच्या आकांताने ओरडला. उरलेल्या गोळ्याही झाडून टाकल्या. हॉर्न आणखी वाजत राहिला, मग पुढे पुढे गेला आणि थांबला. खोडाला कपाळ टेकून व्हर्लिन रडला.

मग त्याने अंगावरच्या पट्ट्यांचा, पडू नये म्हणून झाडाला बांधलेला, फास बैठकीच्या खाली आणला. बैठक सोडून त्याने दोन्ही हातांनी झाडाला मिठी मारली. फास खाली सरकवायचा, गुडघे आवळायचे, हातभर घसरायचं. शर्ट फाटला, मग छाती सोलली. गुडघे तर आधीपासूनच कामातून गेलेले. दर वेळी फास अडला की तो ओलेटाचं नाव घ्यायचा आणि पुन्हा हिसका द्यायचा. शेवटी हात गळाले, फासाने धरलं नाही, आणि तो चौकटीवरच कोसळला. घोटा मोडल्याचा आवाज त्याने स्वतः ऐकला. वाटेतली एक फांदी काठीसारखी धरून, कुठे उभ्याने, कुठे ढुंगणावर घसरत, तो ट्रकपर्यंत पोचला. ब्रेक डाव्या पायाने दाबत घरी आला.

अंगणात डॉइलचा ट्रक नव्हता. धुराड्यातून धूर नव्हता.

ओलेटा दार आणि खुर्चीच्या मध्ये फरशीवर पडली होती. एक पाय विचित्र वळलेला, ओठ निळे. टेबलावर डॉइलने आणलेल्या घेवड्याच्या रश्श्याचं भांडं तसंच झाकलेलं होतं. व्हर्लिन तिच्याशेजारी आडवा झाला, आपला कोट तिच्यावर ओढला.

"ओली, ए ओली, आलो गं मी. आलो."

तिने डोळे उघडले. "हॉर्न," ती म्हणाली. "मी... दार."

हॉर्न इथवर ऐकू आला होता. नवरा सापडला असं वाटून ती दार उघडायला उठली होती.

त्याने रुग्णवाहिकेला फोन केला. ती यायच्या आधी डॉइल आला, चिखलाने माखलेला, आवाज बसलेला. दारातच थबकला.

"मी इथेच थांबणार होतो रे," तो बहिणीकडे बघत म्हणाला. "पण ही ऐकेना. तू कुठे आहेस ते मला माहीत होतं. म्हटलं, गेलो तसा घेऊन येतो. टर्की फोर्क दोनदा पालथं घातलं मी, व्हर्लिन. तळ्यापर्यंत गेलो."

"मी स्पेन्सर ब्रांचला होतो," व्हर्लिन म्हणाला. "झऱ्याच्या वर. मोठ्या पॉप्लरवर."

डॉइलने टोपी काढली, चुलीत लाकडं घातली, वाकून फुंकर मारत राहिला. मग पाठमोराच म्हणाला, "आता कशाला सांगतोस?"