भावजींना न पटलेला उतार

साऱ्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात आमच्या भावजींइतका संशयी माणूस दुसरा नसेल, आणि असलाच तर भावजींना त्याचाही संशय येईल. भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कुडाळच्या एका हायस्कुलात त्यांनी आयुष्यभर गणित शिकवलं आणि त्याहून जास्त मन लावून परीक्षांवर देखरेख केली. शर्टाच्या बाहीतल्या, पट्टीमागच्या आणि मोज्यातल्या चिठ्ठ्या शोधता शोधता त्यांची नजरच अशी झाली की समोरचा माणूस हसला तर हा का हसला, आणि नाही हसला तर काय लपवतोय, एवढंच त्यांना सुचतं. दूध पातळ असलं तर त्यांना पाण्याचा संशय, घट्ट असलं तर आणखी कशाचा तरी. एवढी वर्षं यांच्याबरोबर संसार कसा केलास, असं मी ताईला एकदा विचारलं. ती म्हणाली, "अरे, माझ्या हातच्या जेवणाचो तेंनी कधी संशय घेतलो नाय. मीठ कमी झाला तर ते मिठाक नावां ठेवतत."

निवृत्त झाल्यावर त्यांची साखर वाढली आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. "चालून गुडघे झिजतात हे डॉक्टर सांगत नाहीत. का सांगत नाहीत?" असं म्हणून भावजींनी सायकल घ्यायचं ठरवलं. लेक सायली कुडाळच्या एमआयडीसीत नोकरीला होती आणि मैत्रिणींबरोबर मातीच्या रस्त्यांवरून सायकली हाकायची, त्यामुळे घरात हा विषय होताच. पण सायकल घरात यायला एक आख्खा पावसाळा आणि वर अर्धा हिवाळा गेला. भावजी दुकानात जात ते खिशात लोहचुंबक घेऊन. विक्रेता ॲल्युमिनियम म्हणाला की लगेच चुंबक लावून बघणार. मग सायकल वीतभर उचलून खाली सोडणार आणि कान देऊन ऐकणार, कुठे काही खुळखुळतंय का. पुढे-मागे दोन्हीकडे धक्के झेलणारे शॉक असलेली सायकल त्यांनी पाहताक्षणी नापास केली. "दोन्हीकडून डुलता ती. डुलणाऱ्यावर माझो विश्वास नाय." पुढे सुंदर शॉक असलेली एक स्वस्त सायकल होती, तिच्या दांड्यावर त्यांनी आपला सगळा भार टाकला, तर तो शॉक दबेचना. "हा दागिना आहे," ते विक्रेत्याला शुद्ध मराठीत म्हणाले. संशय पक्का झाला की भावजी शुद्ध मराठीत बोलतात. विक्रेता बिचारा म्हणाला, "काका, ही घ्या, ही डोंगरसुद्धा चढते." भावजींनी विचारलं, "माझ्याशिवाय?"

शेवटी त्यांनी फक्त पुढे शॉक असलेली, जाड खोबणीच्या टायरांची, दोन्हीकडे डिस्क ब्रेक असलेली माउंटन बाइक घेतली. मी मात्र ग्रॅव्हल बाइक घेतली, कारण मला डांबरावरूनही जायचं होतं आणि मातीतूनही. या सायकलचं हँडल एडक्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं असतं आणि टायर रस्त्याच्या सायकलीपेक्षा जाड पण भावजींच्या टायरांपेक्षा बारीक. भावजींनी ती पाहिली आणि तिचं नाव 'मेंढो' ठेवलं. माझं झेरॉक्सचं दुकान रविवारी बंद असतं हे त्यांना ठाऊक होतं. शनिवारी संध्याकाळी त्यांचा फोन यायचा, "उद्या मेंढो घेवन ये." कुठे जायचं ते मात्र कधी सांगायचे नाहीत. आधी सांगितलं की पेपर फुटतो, हा त्यांचा जुना अनुभव.

रस्ता निवडण्याची त्यांची पद्धत तर विलक्षण. फोनवरच्या नकाशावर ते सगळ्यात शेवटी विश्वास ठेवत. आधी त्या वाटेवर भेटणाऱ्या माणसांना वेगवेगळं गाठून तोच प्रश्न विचारत, पोलिस साक्षीदारांना विचारतात तसा. एकदा ओहोळाकाठी म्हैस धुणाऱ्या एका आजींनी त्यांना सांगितलं, "रस्तो एकदम बरो आसा."

"कोणाक बरो?" भावजींनी विचारलं.

"माझ्या म्हशीक."

भावजींनी त्या आजींना हात जोडले. सबंध तालुक्यात खरं बोलणारं एक माणूस भेटलं, असं ते पुढे कित्येक दिवस सांगत होते. खराब रस्त्याचं त्यांना फारसं वावडं नसे, त्यांचा राग चांगल्या रस्त्यावर. रानात मध्येच रुंद, सपाट, तांबडा रस्ता लागला की ते थांबायचे. "इतको बरो रस्तो हय कित्याक?" आणि खरोखर तो पुढे जांभ्या दगडाच्या चिरेखाणीकडे जायचा आणि वळणावरून चिऱ्यांनी भरलेला ट्रक धुरळा उडवत यायचा. पावसानंतर सड्यावरचा, म्हणजे उघड्या माळावरचा, काळा कातळ दिसला की उतरून चालायचं, कारण त्यावरचं शेवाळ वाळलेलं दिसतं पण वाळलेलं नसतं. शेताच्या कडेनं तार दिसली तर डुकरांसाठी त्यात वीज सोडली असेल असं धरून लांबून जायचं. आणि कुठल्याही वाटेवरून तासाभरात एसटीच्या रस्त्याला लागता आलं पाहिजे, नाहीतर 'माका पटणा नाय' म्हणून ती वाट बाद. सुरुवातीला मला याचा कंटाळा यायचा. नंतर मीही बऱ्या रस्त्याकडे डोळे बारीक करून बघायला लागलो.

अशा माणसाच्या घरात एके दिवशी सायलीनं सांगितलं की तिला एका मुलाशी लग्न करायचं आहे. मुलगा बांद्याचा, नाव अनिकेत, बाजारात वडिलांचं शेतीपंपांचं दुकान, तोच आता चालवतो. ओळख सायकलींवरून झाली. ताईला आनंद झाला. दोन दिवसांनी भावजींनी मला गाठलं.

"मुलगो बरो आसा म्हणतत," ते म्हणाले.

"मग झालं की."

"सगळेच बरो म्हणतत. एक माणूस वायट बोलणा नाय. तुका ह्यां बरोबर वाटता?"

पुढच्या रविवारी अनिकेतला सायकल घेऊन बोलावण्यात आलं. तो बांद्याहून पहाटेच निघून सायकल चालवत आला. उंच, सावळा, कमी बोलणारा. त्याची ग्रॅव्हल बाइक कार्बनची होती. भावजींनी खिशातून चुंबक काढलं, पण ते कशालाच चिकटेना. मग फणस पिकलाय का हे बघावं तशी त्यांनी बोटांच्या पेरांनी सायकल ठिकठिकाणी ठोकून पाहिली. अनिकेत शांतपणे उभा राहिला. दारात उभ्या सायलीनं कपाळावर हात मारला.

आम्ही तिघं निघालो. नेरूरपारचा पूल ओलांडल्यावर भावजींनी डांबर सोडलं आणि आम्हाला सड्यावर घातलं. वाटभर त्यांची परीक्षा चालू होती. अनिकेत पुढे गेला की "घाई बघ कशी," मागे राहिला की "दम नाय," आणि बरोबरीनं चालवू लागला की "माका खूश करूक बघता." हे सगळं ते माझ्या कानाशी येऊन सांगत. कुठे चाललोय ते अजूनही आम्हा दोघांना माहीत नव्हतं.

सड्याच्या टोकाला आलो आणि मला डाव समजला. खाली झाडीतून धामापूरच्या तळ्याचं पाणी चमकत होतं आणि तिकडे जाणारी पायवाट एकदम उभी होती. वर सगळी सुटी जांभ्याची खडी, चाकाखाली मण्यांसारखी पळणारी. तरणा पोरगा, भारी सायकल आणि समोर असा उतार, म्हणजे तो आता स्वतःला झोकून देणार आणि भावजींना हवं ते उत्तर मिळणार. माझी खात्रीच झाली.

अनिकेत थांबला. सायकल आडवी ठेवून तो थोडा खाली चालत गेला, बुटानं खडी सरकवून पाहिली, वाकून वळणापलीकडे बघितलं आणि परत आला. "काका, मी हय उतरान चलत जातंय," तो म्हणाला. "ह्यो उतार माका पटणा नाय."

भावजींच्या चेहऱ्यावरचा गोंधळ मी जन्मात विसरणार नाही. 'पटत नाही' हे त्यांचं स्वतःचं वाक्य होतं, आणि ते आजवर कोणी दुसऱ्यानं त्यांच्यासमोर वापरलं नव्हतं. त्यांनी मला बाजूला ओढलं. "पेपर फुटलो. सायलीन तेका पढवन पाठवल्यान." मग त्यांना काय वाटलं कोण जाणे. ज्या माणसानं वाळलेल्या कातळावरही कधी विश्वास ठेवला नाही, तो हेल्मेटचा पट्टा घट्ट करून सायकलवर बसला. म्हणाले, "काय होणा नाय. मी बघितलेलो आसा." मी ओरडेपर्यंत ते सुटले होते.

वळणापर्यंत गेले, आणि तिथे पुढचं चाक खडीवरून सरकलं. सायकल एकीकडे आणि भावजी दुसरीकडे, उजव्या खांद्यावर.

मी सायकल टाकून धावलो. अनिकेत तोवर त्यांच्यापाशी पोचलाही होता. भावजी उठायची धडपड करत होते. त्यानं त्यांना उठू दिलं नाही. मान दुखते का, बोटं हलतात का, आज वार कोणता, असं एकेक विचारत राहिला.

"तू डॉक्टर आसस?" भावजींनी दात आवळत विचारलं.

"नाय, काका."

"मग कळता कसां तुका?"

"माझो खांदो मोडलेलो दोनदा."

"दोनदा!" भावजी तेवढ्या वेदनेतही माझ्याकडे वळून म्हणाले. "ऐकलंस?"

"म्हणान आता उतरान चलतंय," अनिकेत म्हणाला. त्यानं आपल्या पिशवीतली सुटी ट्यूब काढली, तिची झोळी करून भावजींचा हात गळ्यात बांधला आणि त्यांना दुसऱ्या बाजूनं धरून पावलापावलानं खाली नेलं. मी पुढे धावत जाऊन रस्त्यावर काजूची रोपं नेणारा एक टेम्पो थांबवला. भावजींना पुढे बसवलं, आम्ही मागे रोपांत चढणार, इतक्यात भावजींनी विचारलं, "तुझी सायकल खंय?"

"वर आसा," अनिकेत म्हणाला.

"कुलूप?"

"नाय लावलंय. असूदे हो काका, आधी हॉस्पिटलात जावया."

भावजी त्याच्याकडे बघत राहिले. कोणावर तरी संशय घ्यायचा आहे आणि जागाच सापडत नाही, असा तो चेहरा होता. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "तू येव नको," ते म्हणाले. "वर जा आणि पोराची सायकल राख. रान आसा, कोण कसो येयत सांगूक येणा नाय."

माझी सायकलही वरच होती, त्यांची स्वतःचीही होती, पण उल्लेख एकाच सायकलचा झाला. मी दुपारभर सड्यावर काजूच्या सावलीत बसून राखण केली. सायलीचं लग्न ठरल्याचं त्या घरात पहिल्यांदा मला समजलं, तेही त्या माळावर एकट्यालाच.

गळपट्टीचं हाड मोडलं होतं. एक्स-रे दाखवल्यावर भावजींनी "हा माझाच कशावरून?" असं डॉक्टरांना विचारल्याचं ताईनं सांगितलं, तेव्हा ते धड आहेत याची खात्री पटली. घरी आल्यावर त्यांनी सायलीला समोर बसवलं. मीही तिथंच होतो.

"तो उतार तू तेका सांगितलंस?"

"बाबा, खंय जातास ता तुमी माका तरी कधी सांगलात?"

भावजींनी विचार केला. "मग तेका सांगल्यान कोणी?"

"तेका दिसलो, बाबा," सायली म्हणाली.

लग्न थंडीत झालं आणि सायली बांद्याला गेली.

खांदा भरून आला, पण पूर्वीसारखा नाही. खडबडीत वाटेवर हात लवकर दुखतो, चढावर सायकल ढकलत न्यावी लागते. तरी गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी त्यांचा फोन आला, आणि पहिल्यांदाच त्यांनी ठिकाण सांगितलं. सायली आणि अनिकेत दुसऱ्या दिवशी बांद्याहून सायकलींनी येणार होते, हायवे टाळून आतल्या रस्त्यांनी. सावंतवाडीच्या अलीकडे काजूच्या बागांतून उतरणारा मातीचा एक रस्ता आहे, तो भावजींना बघायचा होता.

आम्ही लवकर पोचलो. भावजींनी उतारावरची फांदी बाजूला केली, दोन मोठे दगड पायानं कडेला ढकलले. मग माझी सायकल, त्यांची सायकल आणि आम्ही दोघं काजूच्या झाडांमागे जाऊन बसलो, कारण दिसलो तर सायली रागावली असती. बराच वेळ काही नव्हतं. मग वरून बोलण्याचा आवाज आला. दोघं उताराला लागली. सायली पुढे होती, मोठ्यानं काहीतरी सांगत होती, अनिकेत मागून हसत होता. अवघड वळणाआधी तिनं वेग कमी केला, अंग मागे घेतलं आणि सफाईनं निघून गेली. आमच्यापासून हाताच्या अंतरावरून गेली, पण तिचं लक्ष वाटेवर होतं. पाठोपाठ अनिकेतही गेला.

भावजी उठून वाटेच्या मध्यभागी आले आणि धुरळा बसेपर्यंत तिकडे बघत राहिले. सायलीचं लाल हेल्मेट झाडांतून अजून दिसत होतं.

"भावजी, हाक मारा ना," मी म्हणालो. "ऐकू जाईल अजून."

त्यांनी तोंड उघडलंही होतं. मग मिटलं.

"नको रे," ते हळूच म्हणाले. "उतारार आसलेल्या माणसाक पाठसून हाक मारू नये. ती वळान बघतली."