डावीकडे ओढणारी टॅक्सी

अर्धांगाचा झटका येऊन गेला तेव्हा टॅक्सीवाल्याचा डावा हात आणि डावा पाय दोन्ही रुसून बसले. पाय लवकर ताळ्यावर आला. हाताने मात्र पुष्कळ नाकदुऱ्या काढायला लावल्या. रबरी चेंडू दाबायचा, भिंतीवरून बोटं चालवायची, शर्टाची बटणं आपली आपण लावायची. शेवटी डॉक्टरांनी हात उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "चालवा गाडी. पण जड काही उचलायचं नाही."

त्याने पहिलं वाक्य लक्षात ठेवलं, बायकोने दुसरं.

पुन्हा गाडी सुरू झाली तेव्हा तो हरखून गेला होता. पण काही महिन्यांनी, भर दुपारी, लांबलचक सरळ पुलावर स्टिअरिंग जरा सैल धरलं आणि गाडी हळूच डावीकडे कठड्याच्या दिशेने सरकू लागली. त्याने सावरली. पुन्हा तेच. मागे बसलेल्या बाई फोनमध्ये गुंग होत्या, त्यांना पत्ताही नव्हता. त्याच्या मनात मात्र पाल चुकचुकली. डावा हात. पुन्हा डावा हात.

त्या दिवसापासून तो स्टिअरिंग असं आवळून धरू लागला, की संध्याकाळपर्यंत खांदे भरून यायचे. खांदे दुखले की वाटायचं, बघा, हात दमतोय. न्हाणीघरात दार लावून तो पाण्याने भरलेला तांब्या डाव्या हाताने समोर ताठ धरायचा. थोड्या वेळाने हात थरथरायचा. कोणाचाही थरथरला असता. उजव्या हाताने धरून बघावं हे त्याला एकदाही सुचलं नाही. बायको शेजारच्या खोलीत शिवणयंत्रावर असायची. तिला त्याने ताकास तूर लागू दिली नाही.

मग एका सकाळी चहा पिताना तो म्हणाला, "गाडी विकून टाकू म्हणतो. ट्रॅफिकचा वैताग आलाय."

ट्रॅफिकला शिव्या देण्यात या माणसाचा जन्म गेला होता आणि त्यातच त्याचं सुख होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती एवढंच म्हणाली, "विका. पण त्याआधी मला एकदा चालवू द्या. लायसन काढून दिलंत आणि पहिल्याच भांडणात किल्ली काढून घेतलीत."

त्याने किल्ली तिच्या हातात ठेवली.

ती नदीकाठच्या रस्त्याने निघाली. पाठ ताठ, जीभ दातांत. तो शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबत होता. रस्ता सरळ झाला तशी ती चिडली.

"अहो, ही मेली डावीकडे का पळते?"

"काय म्हणालीस?"

"मी सरळ धरलीय. तरी डावीकडे ओढतेय. हात सोडून दाखवू का?"

"हात सोडू नकोस," तो म्हणाला. पण त्याचा आवाज असा काही निघाला, की तिने गाडी कडेला घेऊन थांबवली. तिथे, इंजिन चालू असतानाच, त्याने सगळं सांगून टाकलं. पूल, तांब्या, सगळं.

"इतके दिवस एकट्याने हे घेऊन बसलात," ती म्हणाली. मग गियर टाकला आणि टायरवाल्याकडेच गाडी नेली.

टायरवाला त्याचा जुना दोस्त. त्याने हवा तपासली. ती ठीक होती. मग पुढच्या डाव्या टायरवरून तळवा फिरवला. आतल्या कडेच्या खाचा पार झिजल्या होत्या, बाहेरची कड शाबूत होती. "चाकं शेवटची कधी फिरवलीस?"

"आजाराच्या आधी," टॅक्सीवाला म्हणाला. पूर्वी दर काही महिन्यांनी तो स्वतः जॅक लावून पुढची चाकं मागे आणि मागची पुढे करायचा. पुढच्यांवर इंजिनाचा भार आणि वळायचं कामही त्यांचंच, म्हणून ती आधी झिजतात. जागा बदलत राहिलं की चारही सारखी झिजतात. आजारानंतर चाक उचलायची बंदी आली. दुसऱ्याला सांगायचं, तर त्यात कमीपणा वाटायचा. म्हणून ते राहूनच गेलं.

"आधी खात्री करू," म्हणत दोस्ताने पुढची दोन चाकं आपसांत बदलली. टॅक्सीवाल्याने दुकानामागच्या मोकळ्या रस्त्यावर फेरी मारली. गाडी आता उजवीकडे ओढत होती. दोष टायरबरोबर बाजू बदलून गेला होता. हात होता तिथेच होता. त्याचा जीव भांड्यात पडला. परत आला तेव्हा तो हसत होता. बायकोने पाण्याची बाटली पुढे केली.

झिजलेला टायर निघाला, मागची चाकं पुढे आली, चाकांचा तिरकेपणा यंत्रावर दुरुस्त झाला. गाडी सरळ धावू लागली.

हात काही पूर्वीसारखा झाला नाही. थंडीत बोटं अजून आखडतात. पण आता तसं झालं की तो बोलून दाखवतो. चाकं फिरवायची वेळ आली की दोस्ताला फोन करतो आणि काम होईस्तोवर बाकावर बसून सूचना देतो. दोस्त त्या ऐकत नाही. गाडी विकायचा विषय पुन्हा निघाला नाही. रविवारी मात्र गाडी बायको चालवू लागली; त्या दिवसाची किल्ली तिने परत दिली नाही, आणि त्यानेही मागितली नाही.