आई पुढच्या सीटवर का बसली

माझा स्वभाव संशयी आहे, हे घरात सगळ्यांना मान्य आहे. दूधवाला जरा जास्त हसला तरी मी पातेल्यात डोकावते. त्यामुळे कोलकात्याच्या डमडमहून समुद्राकडे निघताना आई गाडीत पुढे जाऊन बसली, तेव्हाच माझे कान टवकारले. पुढची सीट माझी आणि मागे माझ्या मुलीशेजारी आई, हे वर्षानुवर्षं ठरलेलं. ‘पुढे वारा बरा लागतो,’ आई म्हणाली. काचा बंद होत्या आणि एसी चालू होता.

ही फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी म्हणजे बाबांचा निवृत्तीनंतरचा हट्ट. जन्मभर बँकेत फायली उपसल्या, आता वाळू उपसणार, असं ते म्हणतात. स्टिअरिंगला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना चालत नाही. ताजपूरजवळ सुरूच्या बनात तंबूत राहायचं आणि तिथवर जाणाऱ्या वाळूच्या वाटेवर गाडी घालायची, हा बेत त्यांचाच. नवऱ्याला सुट्टी नव्हती, म्हणून आम्ही चौघंच निघालो.

कोलाघाट मागे पडलं आणि आई जी सुरू झाली ती थांबेचना. ‘अहो, डावीकडे टोटो रिक्षा थांबलीय.’ ‘सायकलवाला वळतोय हं.’ ‘ट्रकने ब्रेक मारला.’ गाडी चालवताना कुणी शिकवलेलं बाबांना मुळीच खपत नाही. एकदा मी नुसतं ‘जरा हळू’ म्हटलं, तर घर येईपर्यंत त्यांनी अबोला धरला होता. आता मात्र ते ‘हं, हं’ करत निमूट ऐकत होते. दोघांचं एवढं गुळपीठ जमलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

नक्कीच काहीतरी शिजत होतं. मी मनातल्या मनात ठरवूनही टाकलं की हे दोघं डमडमचा फ्लॅट विकून पुण्याला काकांकडे निघालेत आणि समुद्रावर नेऊन मला गोड बोलून सांगणार आहेत. कांथीला चहासाठी उतरलो, तेव्हा आईला बाजूला घेऊन विचारलं, ‘काय लपवताय तुम्ही दोघं?’

‘तुझं आपलं काहीतरीच!’ ती म्हणाली, पण माझ्याकडे बघेना. तिचं लक्ष बाबांकडे होतं. ते दुकानाची पायरी पायाने चाचपत होते.

फ्लॅट माझ्या डोक्यातून साफ उडाला. त्यानंतर मी मागे बसून फक्त बाबांची मान बघत राहिले. ती सरळ नव्हती. कोंबडी दाणा बघते तशी, मान तिरकी करून ते रस्ता बघत होते. माझी मुलगी मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. तिला मी घट्ट धरून बसले.

वाळूची वाट आली. बाबांनी उतरून टायरमधली हवा कमी केली, लिव्हर ओढून चारही चाकं जोडली. हातांना सगळं पाठ होतं. ‘खड्डा आहे, उजवीकडे घ्या, आता सरळ,’ आई सांगत होती. गाडी सुरूंमधून झोकात बाहेर पडली आणि समोर समुद्र! मुलगी उठून टाळ्या वाजवू लागली.

ओहोटीच्या ओल्या वाळूवर लाल खेकड्यांचा सडा पडला होता. मुलगी बंगालीत ‘काँकडा, काँकडा’ ओरडत धावली आणि बघता बघता सगळे बिळांत गेले. वाळू कोरी झाली. तेव्हा मी बाबांजवळ गेले आणि मुद्दामच म्हणाले, ‘बघा ना बाबा, किती खेकडे!’

‘वा! नुसते लालभडक पसरलेत,’ बाबा म्हणाले.

‘तिथे एकही खेकडा नाहीये, बाबा.’

मग आईनेच सांगितलं. त्यांना कडेचं दिसतं, पण समोर मधोमध काळोख येतो. डॉक्टरांनी गाडी सोडा म्हणून बजावलंय. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. ‘माझी मुलगी होती गाडीत!’ मी ओरडले.

‘मी काय एकटा चालवतो?’ बाबा म्हणाले. ‘आम्ही दोघंच जातो तेव्हाही तुझी आई सगळं सांगते मला. आजवर गाडीला साधा ओरखडा नाही.’

‘आणि तिचं चुकलं तर?’

बाबा आईच्या दिशेने वळले. ती आपली बाजू घेईल याची त्यांना खात्री होती.

‘मला फार भीती वाटते हो,’ ती म्हणाली. ‘दर वेळी वाटते. निघायचं ठरलं की घास उतरत नाही घशाखाली.’

हे ती त्यांच्याजवळ पहिल्यांदाच बोलत होती, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. ते लाटांकडे वळले. मग खिशातून चावी काढून त्यांनी माझ्यासमोर धरली. मी उभी होते तिथून ती वीतभर उजवीकडे होती. मी तिकडे सरकले आणि घेतली.